मराठी संकेतस्थळ आणि वाचकांचे ब्राउझर: वाचनालयाने काय निवडावे, काय तपासावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयासाठी आपण स्वतः संकेतस्थळ तयार केले. त्यावर पुस्तकांची सूची, शोधाची सोय, सभासदत्वाचा अर्ज आणि वर्गणी भरण्याची व्यवस्था आहे. आपल्या लॅपटॉपवरील क्रोममध्ये सारे व्यवस्थित दिसते. मात्र आयफोन वापरणाऱ्या एका सभासदाला अर्जाच्या तळाचे ‘पाठवा’ हे बटण दिसत नाही, आणि आपल्या सांगण्यावरून त्यांनी आयफोनवर क्रोम घेतला तरी ते दिसले नाही. वाचनालयातील विंडोज ७ च्या संगणकांवर पुस्तकांच्या चौकटींची मांडणी मोडते. ‘ॲ’ने सुरू होणारे पुस्तक सूचीत असूनही शोधात सापडत नाही. तेव्हा वाचनालयाच्या संगणकांवर कोणता ब्राउझर ठेवावा आणि संकेतस्थळ नेमके कोणत्या ब्राउझरांसाठी बांधावे, असे आपण विचारले आहे.

हे दोन प्रश्न नेहमी जोडीने विचारले जातात, परंतु ते वेगळे ठेवावेत. वाचनालयाच्या संगणकांवर काय असावे हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे. सभासदाच्या फोनवर काय असावे हे तो सभासद ठरवतो, किंवा बहुतेक वेळा फोन विकणारी कंपनीच त्याच्यासाठी ठरवून ठेवते. ‘हे संकेतस्थळ अमुक ब्राउझरमध्ये उत्तम दिसते’ अशी पाटी लावल्याने त्यात काही फरक पडत नाही. वीस वर्षांहून अधिक काळ या कामात घालवल्यावर माझे मत पक्के झाले आहे की, वाचक ज्या दारातून येईल ते दार उघडे असणे ही संकेतस्थळ बांधणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाबतीत तर ती अधिकच आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली की पुढचे बरेच ओझे हलके होते. ब्राउझरांची नावे पुष्कळ असली तरी पानाची मांडणी करणारी इंजिने आज मुख्यतः तीनच आहेत. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी आणि सॅमसंग इंटरनेट हे सारे ब्लिंक या इंजिनावर चालतात. ॲपलचा सफारी वेबकिटवर चालतो आणि फायरफॉक्स गेकोवर. गूगलने २०१३ मध्ये वेबकिटपासूनच ब्लिंक वेगळे काढले, त्यामुळे या दोघांत साम्य बरेच असले तरी दहा-बारा वर्षांत त्यांचे मार्ग चांगलेच दुरावले आहेत. ऑपेराने आपले प्रेस्टो हे इंजिन त्याच वर्षी सोडले आणि मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये एज ब्लिंकवर आणला. आयफोनची गोष्ट निराळी आहे. ॲपलच्या नियमामुळे तेथे क्रोम किंवा फायरफॉक्स असे नाव असले तरी आत वेबकिटच असते. युरोपीय संघाच्या कायद्यामुळे तेथील आयफोनवर मार्च २०२४ पासून अन्य इंजिनांना परवानगी मिळाली, पण भारतातील फोनना ती लागू नाही. आपल्या सभासदाने क्रोम घेऊनही बटण का दिसले नाही, याचे कारण हेच आहे.

आता वाचनालयाचे संगणक. येथे वेग, देखणेपणा आणि सवय मागे ठेवून आधी एवढेच पाहावे की, या ब्राउझरला सुरक्षेच्या सुधारणा अजून मिळतात का. विंडोज ७ चे पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवले. त्यावर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ ही जानेवारी २०२३ मधली आहे, आणि त्यानंतर उघडकीस आलेल्या त्रुटी त्या संगणकांवर तशाच राहतात. इंटरनेट एक्सप्लोरर मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निवृत्त केला. त्याचे चिन्ह पडद्यावर असेल तर ते आजच काढून टाकावे. विंडोज ७ साठी फायरफॉक्सची ११५ ही दीर्घ पाठबळाची आवृत्ती त्यातल्या त्यात बरी, कारण तो बनवणाऱ्या मोझिलाने मूळ मुदत संपल्यावरही जुन्या विंडोजसाठी तिच्या सुरक्षा सुधारणा वाढवून दिल्या. तरीही ही तात्पुरती सोय आहे. नवे यंत्र घेण्याइतका निधी नसेल तर त्याच संगणकांवर हलकी लिनक्स प्रणाली आणि तिच्यासोबत येणारा ताजा फायरफॉक्स बसवावा, असे मी सुचवीन. ग्रंथपालांना आणि वाचकांना एका आठवड्यात त्याची सवय होते, हे मी दोन ठिकाणी प्रत्यक्ष पाहिले आहे. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने विंडोज ७ वरून विंडोज १० वर जाण्यात आता अर्थ उरलेला नाही.

हे संगणक अनेकांच्या हाताखालून जातात, हेही निवडीत धरावे. एखादा विद्यार्थी परीक्षेचा अर्ज भरतो, कोणी निवृत्त गृहस्थ बँकेचे खाते पाहतात, आणि उठताना बाहेर पडण्याचे बटण दाबायला विसरतात. म्हणून पासवर्ड साठवण्याची सोय बंद करावी आणि ब्राउझर मिटताच कुकी व इतिहास पुसला जाईल अशी व्यवस्था करावी. फायरफॉक्समध्ये ही निवड सेटिंग्जमध्येच आहे. क्रोममध्ये यासाठी पाहुण्यांची (गेस्ट) खिडकी वापरता येते. जाहिराती अडवणारे एखादे विश्वासार्ह विस्तारकही (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) बसवावे, कारण ‘डाउनलोड’ असे लिहिलेल्या खोट्या जाहिरातींवरच नवखे वाचक सर्वाधिक फसतात. क्रोमने विस्तारकांसाठी नवी चौकट आणल्यामुळे जुन्या पद्धतीची काही प्रभावी विस्तारके तेथे बंद पडली, ती फायरफॉक्समध्ये अजून चालतात. दोन्ही ब्राउझरांचे मेनू मराठीत मिळतात; ते अवश्य मराठीत करून ठेवावेत.

मी फायरफॉक्सकडे झुकतो आहे हे आपल्या लक्षात आले असेल, आणि त्याचे कारण निव्वळ तांत्रिक नाही. एकाच इंजिनाच्या हाती सारा कारभार गेल्यावर काय होते, हे मी पाहिलेले आहे. इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती ऑगस्ट २००१ मध्ये आली. त्याचा प्रतिस्पर्धी ब्राउझर नेटस्केप तोवर हरलेला होता, स्पर्धा उरली नव्हती, आणि सातवी आवृत्ती यायला ऑक्टोबर २००६ उजाडले. मधल्या पाच वर्षांत पारदर्शक पीएनजी चित्र नीट न दाखवणारा, सीएसएसचे, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेचे, नियम आपल्या पद्धतीने लावणारा तो ब्राउझर हाच जणू नियम ठरला. कार्यालयांनी त्याच्यापुरतीच संकेतस्थळे बांधली, आणि ती पुढे दुसरीकडे चालेनात. दक्षिण कोरियात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून बँका आणि दुकाने ॲक्टिव्हएक्स या इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चालणाऱ्या जोडभागांवर इतकी विसंबली की, त्या गुंत्यातून बाहेर पडायला देशाला जवळजवळ दोन दशके लागली. फायरफॉक्सची पहिली आवृत्ती नोव्हेंबर २००४ मध्ये आली नसती तर आपलीही अवस्था फार वेगळी झाली नसती.

मराठीने त्या काळात जे गमावले त्याची हळहळ मला अजून वाटते. युनिकोड ही सर्व लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी जागतिक व्यवस्था तेव्हा उपलब्ध होती, विंडोज २००० पासून मंगल हा फॉन्टही होता, पण विंडोज एक्सपीमध्ये देवनागरी नीट दिसण्यासाठी रिजनल सेटिंगमध्ये जाऊन, मूळ सीडी घालून, वेगळा भाग बसवावा लागे. तो खटाटोप वाचकाने करावा अशी अपेक्षा कोण ठेवणार? म्हणून अनेक मराठी संकेतस्थळे स्वतःच्या सांकेतिक मांडणीचा फॉन्ट वापरत. रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत, आणि तो फॉन्ट एम्बेडेड ओपनटाइप या फक्त इंटरनेट एक्सप्लोररला कळणाऱ्या स्वरूपात पानासोबत पाठवला जाई. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच पान उघडले की रोमन चिन्हांचा कचरा दिसे. फायरफॉक्ससाठी पद्म नावाचे एक विस्तारक होते, ते असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवी. मी कित्येक पाने केवळ त्याच्या आधारे वाचली आहेत. त्या काळातील लेख, अग्रलेख, पुस्तक परीक्षणे यांतील पुष्कळ मजकूर आज शोधयंत्रांना मराठी म्हणून ओळखताच येत नाही. एका ब्राउझरपुरता विचार करण्याची एवढी मोठी किंमत भाषेने दिली आहे, आणि वाचनालय चालवणाऱ्यांनी ती विसरू नये असे मला मनापासून वाटते.

आता आपल्या तक्रारी एकेक पाहू. विंडोज ७ वरील मोडलेली मांडणी मी आपल्या सीएसएसच्या आधारे तपासली. आपण एका नियमाच्या कंसात दुसरा नियम, त्याच्या आत तिसरा, अशी उतरंड लिहिली आहे. लिहायला आणि वाचायला ही पद्धत फार सोयीची आहे, परंतु ती क्रोमला आवृत्ती ११२ पासून, म्हणजे एप्रिल २०२३ पासून समजते, सफारीला १६.५ पासून आणि फायरफॉक्सला आवृत्ती ११७ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२३ पासून. विंडोज ७ वर क्रोम १०९ वर थांबला आणि फायरफॉक्स ११५ वर. दोघांनाही आतले नियम कळत नाहीत, म्हणून ते त्यांना वगळून पुढे जातात. ब्राउझरची काही चूक नाही. न कळणारा नियम वगळायचा हाच सीएसएसचा पहिल्यापासूनचा शिरस्ता आहे आणि तोच आपल्या कामाचा पाया आहे. उपाय सोपा आहे: आतले नियम बाहेर काढून सलग लिहावेत, किंवा लिहिताना हीच पद्धत ठेवून सर्व्हरवर चढवण्यापूर्वी एखाद्या साधनाने ते सपाट करून घ्यावेत.

याच उदाहरणातून एक सर्वसाधारण धोरणही हाती येते. कोणती नवी सोय वापरावी हे ठरवताना ‘माझ्याकडे चालते’ हा निकष पुरेसा नसतो. अलीकडे ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून ‘बेसलाइन’ नावाची एक मोजपट्टी ठरवली आहे. एखादी सोय सर्व प्रमुख ब्राउझरांत आल्यानंतर ३० महिने उलटले की ती सर्वदूर उपलब्ध मानली जाते. ज्या वाचकांचे फोन चार-पाच वर्षे जुने आहेत अशा सार्वजनिक संस्थेसाठी मी ही मर्यादाही किमान समजतो. तिच्या अलीकडची सोय वापरायचीच असेल तर ती केवळ सजावटीसाठी वापरावी, म्हणजे ती नसली तरी पुस्तक सापडेल आणि अर्ज भरता येईल. सीएसएसमधील ‘सपोर्ट्स’ या नियमाने ब्राउझरलाच विचारता येते की तुला हे जमते का, आणि जमत असेल तरच पुढची मांडणी लागू होते. याउलट ब्राउझरचे नाव वाचून निर्णय घेण्याची जुनी खोड सोडून द्यावी. ब्राउझर स्वतःची जी ओळख सर्व्हरला पाठवतो तिच्या आरंभी आज क्रोम, सफारी, एज आणि फायरफॉक्स हे सगळेच ‘मोझिला/५.०’ असे लिहितात. १९९० च्या दशकात काही सर्व्हर चौकटींची (फ्रेम्सची) पाने केवळ मोझिला म्हणवणाऱ्या नेटस्केपला पाठवत, म्हणून इतरांनीही तेच नाव लावले, आणि ते कायम चिकटले.

घडण खालून वर करावी. सर्वांत आधी एचटीएमएल (पानाचा मूळ मजकूर आणि रचना) असे असावे की सीएसएस आणि जावास्क्रिप्ट (पानावरील क्रिया चालवणारी भाषा) दोन्ही काढून टाकले तरी पान वाचता येईल, दुवा हा खरा दुवा असेल आणि अर्ज हा खरा अर्ज असेल. आपल्या सूचीत पुस्तकावर टिचकी मारली की जावास्क्रिप्ट माहिती आणून दाखवते. पण त्या शीर्षकाला स्वतःचा पत्ता नाही. गावाबाहेरच्या रस्त्यावर जोडणी अर्धवट तुटली आणि जावास्क्रिप्टची फाइल आलीच नाही, तर वाचकाला पुस्तकांची नावे दिसतील आणि त्यांपैकी एकही उघडणार नाही. प्रत्येक पुस्तकाला आपले पान आणि आपला पत्ता द्यावा. त्यावर पुढे जावास्क्रिप्टने कितीही सोयी चढवाव्यात.

आयफोनवरील हरवलेले बटण ही फार जुनी अडचण आहे. आपण अर्जाची उंची ‘१०० व्हीएच’ म्हणजे पडद्याच्या पूर्ण उंचीइतकी ठेवली आहे आणि बटण त्याच्या तळाशी बांधले आहे. आयफोनवरील वेबकिट ही उंची मोजताना पत्त्याची पट्टी आक्रसलेली आहे असे धरतो, त्यामुळे ती पट्टी पूर्ण उघडी असताना तळाचा भाग तिच्यामागे जातो. २०२१ च्या आयओएस १५ या आयफोनच्या प्रणालीपासून सफारीची पट्टी सहसा खालीच असते, म्हणून आता बटण नेमके तिच्याखाली झाकले जाते. मार्च २०२२ मध्ये सफारी १५.४ सोबत ‘डीव्हीएच’ हे नवे एकक आले आणि त्याच वर्षी ते फायरफॉक्स व क्रोममध्येही आले. ते पट्टीची बदलती उंची हिशेबात घेते. आधी व्हीएचची ओळ आणि तिच्याखाली डीव्हीएचची ओळ लिहिली की जुने ब्राउझर पहिली पाळतील आणि नवे दुसरी. परंतु माझे मत विचाराल तर अर्जाला उंचीच देऊ नये. अर्ज लांब असेल तितका लांब राहू द्यावा आणि बटण शेवटच्या रकान्याखाली यावे. कागदी अर्जावर सहीची जागा तेथेच असते. जाता जाता रकान्यांतील अक्षरांचा आकारही किमान १६ पिक्सेल करावा, कारण त्याहून लहान असला तर आयफोनवर रकान्यात बोट ठेवताच सारे पान मोठे होऊन बाजूला सरकते.

तिसरी तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या भाषेची आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह म्हणून २००८ मध्ये, आवृत्ती ५.१ मध्ये आले. त्यापूर्वी आणि अनेक कीबोर्डांवर त्यानंतरही लोक ‘अ’ टंकून त्यावर चंद्र देत राहिले. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकासाठी एक रूप एका चिन्हाचे आहे आणि दुसरे दोन चिन्हांचे. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरणही या दोघांना एक मानत नाही. आपल्या सूचीची नोंद एका प्रकारे झाली आहे आणि फोनवरील कीबोर्ड दुसऱ्या प्रकारे लिहितो, म्हणून शोध रिकामा येतो. ‘ऑ’च्या बाबतीत हेच घडते. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांच्या बाबतीतही घडते, कारण काही साधने तेथे नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतात आणि काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे अदृश्य सांधा घालतात. म्हणून नोंद साठवताना आणि शोधाचा शब्द घेताना, दोन्ही वेळी, ही सर्व रूपे एका ठरलेल्या रूपात आणणारे एकच छोटे कार्य (फंक्शन) सर्व्हरवर चालवावे. तेथेच शेवटच्या रिकाम्या जागा काढाव्यात आणि देवनागरी व रोमन अंक एक करावेत. मात्र अदृश्य सांधे सरसकट पुसू नयेत; तसे केले तर ‘दऱ्या’ शोधणाऱ्याला ‘दर्या’ मिळेल, आणि डोंगरातला माणूस समुद्रावर जाऊन पोचेल.

फॉन्टकडे आता येतो. आपण फॉन्टच्या नावांत फक्त मंगल लिहिला आहे. अँड्रॉइडवर सहसा नोटो सान्स देवनागरी असतो, ॲपलच्या उपकरणांवर कोहिनूर देवनागरी, आणि विंडोज ८ पासून निर्मला यूआय. या फॉन्टांची अक्षरे एकाच मापाला वेगवेगळी मोठी दिसतात. त्यामुळे मंगलमध्ये नेमकी बसणारी शीर्षके दुसरीकडे फुगून दोन ओळींत जातात. एक मुक्त परवान्याचा फॉन्ट पानासोबत वूफ२ स्वरूपात पाठवावा, तो येईपर्यंत यंत्रावरील फॉन्टमध्ये मजकूर दिसू द्यावा, आणि कोणत्याही चौकटीला ठरावीक उंची देऊ नये. ओळींतील अंतर अक्षराच्या किमान दीडपट ठेवावे. इंग्रजीसाठी केलेल्या तयार साच्यात ते कमी असते, आणि मग वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात, किंवा चौकटीच्या काठाशी रफार छाटला जातो. अक्षरांतील अंतर वाढवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. शिरोरेघ तुटते आणि शब्द विस्कटतो. पानाच्या मुळाशी भाषा ‘एमआर’ म्हणून घोषित करावी. आपल्या साच्यात ती इंग्रजीच राहिली आहे. ज्या फॉन्टमध्ये सोय असते तेथे एवढ्याने मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ मिळतात, आणि दृष्टिहीन वाचकांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या साधनाला मराठी आवाज निवडता येतो.

पुस्तकांची लांब नावे आपण जावास्क्रिप्टने तीस चिन्हांवर कापली आहेत. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द वाचकासाठी तीन अक्षरांचा आहे, संगणकाच्या हिशेबी त्यात अकरा चिन्हे आहेत, आणि कापणारी सुरी हलन्तावर पडली की शीर्षकाच्या टोकाला लंगडा ‘स्’ उरतो. युनिकोडने २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम केला, आणि मजकुराचे अक्षराअक्षराने तुकडे करून देणारी सोय फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ मध्ये आल्यावर ती सर्व प्रमुख ब्राउझरांत मिळू लागली. तरी जुन्या यंत्रांवर उत्तर वेगळे येईल. म्हणून कापण्याचे काम सीएसएसवर सोपवावे, किंवा नाव पूर्णच दाखवावे. लेखकाने दिलेले नाव पूर्ण दिसणे हे सूचीचे कर्तव्य आहे.

अंकांविषयी एकच सूचना. ब्राउझरला मराठी पद्धतीने संख्या लिहायला सांगितले की तो लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसह देवनागरी अंक देतो, हे फार चांगले आहे. पण ती दाखवण्यापुरती ठेवावी, हिशेबात घेऊ नये. वर्गणीच्या आणि सभासद क्रमांकाच्या रकान्याला ‘नंबर’ हा प्रकार देऊ नये, कारण देवनागरी अंक टंकले असता त्याचे वागणे सगळीकडे सारखे नसते. साधा मजकुराचा रकाना ठेवून अंकांचा कीबोर्ड मागवावा आणि आकडे सर्व्हरवर तपासावेत.

वर्गणी भरण्याच्या पानाबाबत सावध राहावे लागेल. पुष्कळ सभासद आपला दुवा फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरून उघडतील, आणि तेव्हा पान त्या ॲपच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडते. यूपीआयचे ॲप उघडणारा दुवा अशा ठिकाणी अनेकदा चालत नाही. पत्ता ओळखता न आल्याची चूक दिसते आणि पैसे गेले की नाही या काळजीत सभासद पडतो. म्हणून त्याच पानावर क्यूआर आकृती, यूपीआयचा पत्ता मजकूर म्हणून, आणि ‘हे पान ब्राउझरमध्ये उघडा’ ही सूचना ठेवावी. अर्धा भरलेला अर्ज आपण ब्राउझरच्या साठवणीत जपून ठेवता, ही कल्पना चांगली आहे. मात्र सफारी २०२० पासून, सात दिवस वापर न झालेल्या संकेतस्थळाची अशी साठवण पुसतो. सभासदाला आठवडाभराने परत यायचे असेल तर मसुदा सर्व्हरवरच ठेवावा लागेल.

छोट्या यंत्रांना विसरू नये. जिओफोनचा पडदा २४० बाय ३२० पिक्सेलचा आहे आणि त्यावरील कायओएस या प्रणालीमध्ये गेकोची ४८ वी आवृत्ती आहे. ग्रिड, म्हणजे आडव्या-उभ्या चौकटींची मांडणी, गेकोत ५२ व्या आवृत्तीपासून आली, म्हणून तेथे आपली ग्रिड दिसणार नाही. पण एचटीएमएलचा क्रम नीट असेल तर पुस्तकांची यादी एका स्तंभात, सरळ वाचता येईल अशी दिसेल, आणि तेवढे पुरेसे आहे. ऑपेरा मिनी डेटा वाचवण्यासाठी पान स्वतःच्या सर्व्हरवर दाबून पाठवतो आणि तेथे जावास्क्रिप्ट फार मर्यादित चालते. अशा वाचकांकडे पाहूनच मी वर खरे दुवे आणि खरे अर्ज यांचा आग्रह धरला.

तपासणीसाठी महागडी सेवा घेण्याची गरज नाही. लॅपटॉपवर फायरफॉक्स बसवला की क्रोमसह दोन इंजिने झाली. वेबकिटसाठी लिनक्सवरील ग्नोम वेब हा ब्राउझर मांडणीच्या ढोबळ चुका दाखवतो, पण पत्त्याच्या पट्टीची आणि कीबोर्डची अडचण खऱ्या आयफोनवरच कळते. त्या सभासदालाच दहा मिनिटे बसण्याची विनंती करावी. एखाद्या सभासदाचा चार वर्षांपूर्वीचा स्वस्त अँड्रॉइड फोन आणि वाचनालयातील सर्वांत जुना संगणक एवढे जमले की बहुतेक वाचक त्यात आले. अक्षरे दुपटीने मोठी करूनही प्रत्येक पान पाहावे, कारण ज्येष्ठ वाचक फोन तसाच वापरतात. त्यासाठी ‘दर्या’, ‘दऱ्या’, ‘ऱ्हास’, ‘ॲ’ व ‘ऑ’ यांची दोन्ही रूपे, ‘स्वातंत्र्य’, ‘तूर्त’, ‘ख्रिस्तपुराण’ असे शब्द, देवनागरी अंक, एक लांबलचक शीर्षक आणि एक रिकामा अर्ज असलेले चाचणीचे पान बनवून ठेवावे. दुरुस्त्या करताना शोधापासून आरंभ करावा, मग अर्जाचे बटण आणि त्यानंतर सीएसएसची उतरंड घ्यावी, कारण मोडलेल्या मांडणीतूनही वाचक वाट काढतो, पण सूचीत असलेले पुस्तक ‘नाही’ असे उत्तर आले तर तो ते पुन्हा मागत नाही.